उजवीकडची जागा

खासगी वैमानिकाचा परवाना मिळाल्यावर पहिला प्रवासी कोण असणार, हे सहसा कोणी विचारत नाही, कारण उत्तर सर्वांनी गृहीत धरलेले असते. अमेरिकेत शिकाऊ वैमानिकाला एकट्याने उडता येते, पण सोबत कोणालाही नेता येत नाही. परीक्षकाने तोंडी आणि प्रत्यक्ष परीक्षा घेऊन कामचलाऊ प्रमाणपत्राचा कागद हातात ठेवला, की त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने माणसे घेऊन उडायला तुम्ही मोकळे. तो कागद घेऊन मी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या विमानतळावरून घरी आले, तेव्हा नवऱ्याने तो दोन्ही बाजूंनी वाचला, मनापासून कौतुक केले आणि चुंबक लावून फ्रिजवर अडकवून टाकला. उडताना तो जवळ बाळगावा लागतो, हे मला सांगावे लागले. आपण कधी जायचे, हे मात्र त्याने विचारले नाही, आणि मीही विषय काढला नाही.

फ्लाइंग क्लबातल्या जुन्या मंडळींकडे या प्रसंगासाठी तयार सल्ला असतो. सकाळी लवकर न्यावे, कारण ऊन तापले की जमिनीवरून गरम हवेचे लोट उठतात आणि लहान विमान हिंदकळू लागते. अर्ध्या तासाहून जास्त उडू नये. वळणे सौम्य घ्यावीत. आणि आपण काय काय शिकलो ते दाखवण्याचा मोह अजिबात धरू नये. पहिल्याच फेरीत तिरपी वळणे घेऊन बायकोला कायमची घाबरवून बसलेल्या नवऱ्यांच्या गोष्टी तिथे चवीने सांगितल्या जातात. (गोष्टींत वैमानिक नेहमी नवरा असतो, हे मी नुसते नोंदवून ठेवते.) सल्ला चुकीचा नाही, मी तो सगळा पाळला. पण त्यामागे एक समजूत दडलेली असते, की सोबतच्या माणसाची भीती ही अज्ञानातून आलेली असते, आणि एकदा छान अनुभव दिला की ती जाते. माझ्या घरातली भीती त्या जातीची नव्हती.

माझा नवरा सांगलीचा. पुलांच्या संरचनेचे गणित हा त्याचा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. कामासाठी तो मोठ्या विमानांतून सतत फिरतो, खिडकीपासून लांबची, वाटेकडेची जागा मागून घेतो आणि उड्डाणाआधीच झोपी जातो. उंचीचे मात्र त्याला लहानपणापासून वावडे आहे. गावच्या जत्रेत आकाशपाळणा मध्येच थांबवून त्याला उतरवून घ्यावे लागले होते, ही गोष्ट सासूबाई मला लग्नापासून ऐकवत आल्या आहेत. मी विमान शिकते आहे हे कळल्यावर त्या फोनवर एवढेच म्हणाल्या, "तू शीक गं, पण त्याला त्यात ओढू नकोस."

त्याने ज्या तऱ्हेने प्रश्न विचारले, ती तऱ्हा आकाशपाळण्यातल्या त्या मुलाची नव्हती. मी उडवते ते विमान सेसना 172 जातीचे आहे. 1956 साली हे मॉडेल विक्रीला आले आणि आजवर ती 44,000 हून अधिक बनली. जगात दुसरे कोणतेही विमान इतक्या संख्येने बनलेले नाही. हे मी अभिमानाने सांगितले. त्याने विचारले, पंखांसाठी फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे ठरवलेल्या कमाल भाराच्या वर मजबुतीची पट, किती धरतात? मी पुस्तक काढून दाखवले: नेहमीच्या वापरात गुरुत्वाकर्षणाच्या 3.8 पट भार ही मर्यादा, आणि मोडण्याच्या दृष्टीने त्यावर दीडपट. "फक्त दीड?" तो म्हणाला. विमानात प्रत्येक जास्तीचा किलो उचलावा लागतो म्हणून पट वाढवत नाहीत, त्याऐवजी तपासणी वाढवतात, असे मी सांगितले. शिकवणीसाठी भाड्याने चालणारे विमान दर 100 तासांच्या उड्डाणानंतर मेकॅनिककडून उघडून तपासले जाते, आणि शिवाय वर्षाची मोठी तपासणी वेगळी. अमेरिकेतल्या पुलांची तपासणी साधारणपणे दर 2 वर्षांनी होते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. तो थोडा वेळ गप्प बसला. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या, तेव्हापासून कोणत्याही बांधकामाला 'भक्कम' म्हणण्याआधी शेवटची तपासणी कधी झाली हे विचारायची सवय त्याने लावून घेतली आहे. विमानाच्या बाबतीत त्या प्रश्नाला तारखेसह उत्तर मिळते, हे त्याला पटले.

मग त्याने आकडे मागितले. इथे बहुतेक नवे वैमानिक एक सोयीचे वाक्य फेकतात, की विमानतळावर पोचेपर्यंतचा मोटारीचा प्रवासच जास्त धोक्याचा असतो. मोठ्या प्रवासी विमानांच्या बाबतीत ते खरे आहे. आमच्यासारख्यांच्या लहान विमानांना ते लागू नाही. अमेरिकेत हौशी आणि लहान विमानांच्या उड्डाणांत दर लाख तासांमागे सुमारे एक प्राणघातक अपघात होतो, आणि तासांच्या हिशेबाने पाहिले तर हा धोका मोटारीपेक्षा बराच वरचा आहे, मोटारसायकलच्या जवळपास जाणारा. मी हे त्याला सांगितले. सांगू नये असे मला क्लबात एकापेक्षा जास्त लोकांनी बजावले होते. पण ज्याच्याशी जन्माची गाठ बांधली आहे, त्याला सोयीचा आकडा देऊन विमानात बसवायचे आणि त्याने पुढे कधीतरी खरा आकडा वाचायचा, हे मला परवडणारे नव्हते.

आकड्यांच्या पुढची गोष्टही मी सांगितली, की या अपघातांतले बहुसंख्य विमान बिघडल्यामुळे होत नाहीत. वैमानिकाच्या निर्णयांमुळे होतात. ढगांत शिरू नये तिथे शिरणे, इंधन संपेपर्यंत उडत राहणे, ओळखीच्यांच्या घरावरून खाली येऊन मिरवणे, घरी लवकर पोचायचे म्हणून वाईट हवेत निघणे. मला वाटले होते की हे ऐकून त्याला धीर येईल, कारण धोका नशिबाच्या हाती नसून आपल्या हाती आहे.

"म्हणजे मला विमानाची भीती वाटायचे कारण नाही," तो म्हणाला, "तुझी वाटायला हवी."

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला आहे, आणि मला ते अन्यायाचे वाटत नाही. माझ्या परीक्षकाने मला अर्धा दिवस पाहिले, आणि त्या अर्ध्या दिवसात मी माझी सगळ्यात शहाणी, सगळ्यात सावध आवृत्ती होते. मैत्रिणी, शेजारी, ऑफिसातले लोक परवान्याचा कागद पाहून बिनघोर बसतील, कारण त्यांच्यापाशी तेवढाच पुरावा आहे. नवऱ्यापाशी वेगळा पुरावा आहे. पेट्रोलचा दिवा लागल्यावरही 'पुढच्या पंपावर भरू' म्हणणारी मी त्याने पाहिली आहे. पाहुणे दारात आले असताना फोडणी टाकणारी मी, रागावले की गाडी जोरात चालवणारी मी, ठरवले की ते करूनच दाखवणारी मी, हे सगळे त्याच्या नित्याच्या पाहण्यातले आहे. वैमानिकाची जोडीदाराला वाटणारी भीती ही जगातली सगळ्यात माहीतगार भीती असते, आणि तिला वाद घालून हरवता येत नाही. मी त्या दिवशी वाद घातला नाही, एवढे बरे झाले.

त्याची दुसरी हरकत सोपी होती आणि तिला उत्तर नव्हते. आमची मुलगी शाळेत जाणारी आहे. "आपण दोघेही वर, आणि ती खाली," असे तो म्हणाला आणि पुढे काही बोलला नाही. आम्ही मोटारीतून दोघेच कितीदा जातो, असे म्हणता आले असते. पण दर लाख तासांचा आकडा मीच त्याला नुकताच दिला होता. शेवटी आम्ही मृत्युपत्र लिहिले, जे एरवीही लिहायचे राहिलेच होते, आणि जीवनविम्याच्या कंपनीला कळवले की घरात कोणीतरी खासगी विमान उडवते. इथल्या विम्याच्या अर्जांत हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. नवऱ्याने ती सगळी कागदपत्रे एका फायलीत लावली, आणि मगच म्हणाला, "ठीक आहे, एकदा बघू."

आम्ही हाफ मून बेला जायचे ठरवले. पालो आल्टोहून डोंगराची एक रांग ओलांडली की पॅसिफिकच्या काठावर ते विमानतळ आहे, जेमतेम वीस मिनिटांचे अंतर, 5,000 फुटांची ऐसपैस धावपट्टी. पालो आल्टोची पट्टी त्याच्या निम्म्याहून कमी आहे, त्यामुळे तिथे उतरायची सवय असलेल्याला हाफ मून बे म्हणजे चैन वाटते. ठरलेल्या सकाळी पालो आल्टोला आकाश निरभ्र होते. तो लवकर उठून तयार बसला होता, मुलीला मैत्रिणीकडे सोडून झाले होते, आणि मी हाफ मून बेच्या स्वयंचलित हवामान केंद्राला फोन लावला तर किनाऱ्यावर धुक्याचा थर ठिय्या देऊन बसलेला. दहापर्यंत तो उठण्याची शक्यता होती. आमच्या बाजूने निघून, डोंगरावरून डोकावून, नाही जमले तर परत फिरता आले असते, आणि त्यात बेकायदा काहीच नव्हते. मी म्हटले, आज नको. त्याने कारण विचारले नाही. बूट काढले आणि पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला. पोहे खाताना मात्र एकदा म्हणाला, "तू नाही म्हणशील असे मला वाटले नव्हते." तो माझ्या बाजूने झाला असेल तर त्या सकाळी झाला, जमिनीवर, स्वयंपाकघरात.

त्यानंतर तयारीत त्याचा सहभाग वाढला. वजनाचा तक्ता भरताना त्याने स्वतःचे जे वजन सांगितले ते त्याच्या लग्नाच्या वेळचे असावे. मी त्याला काट्यावर उभे केले, कारण विमानाच्या तोलाच्या गणितात शिष्टाचार चालत नाही. खर्चाचेही बोलणे झाले. खासगी वैमानिकाला प्रवाशाकडून पैसे कमावता येत नाहीत, पण खर्चाचा सारखा वाटा घेता येतो, तेव्हा विमानाच्या भाड्याचा निम्मा वाटा त्याने द्यावा असे मी सुचवले. खाते एकच आहे, ही त्याची हरकत मान्य झाली. निघण्याआधी वैमानिकाने स्वतःला तपासायची एक यादी असते: आजारपण, औषधे, ताण, दारू, थकवा आणि मनःस्थिती. नवऱ्याने तिला एक पोटकलम जोडले, की त्या सकाळी आम्हा दोघांत भांडण झालेले असेल तर जायचे नाही. हे कलम मी इतर वैमानिक जोडप्यांनाही सुचवीन.

पुढच्या वेळी हवा खरोखर चांगली होती. ऑक्टोबरमध्ये किनाऱ्यावरचे धुके विरळ होते. उड्डाणापूर्वी मी विमान तपासत फिरते तेव्हा त्याने बाजूला उभे राहण्याऐवजी माझ्यामागून फिरावे, असे मी आधीच सांगितले होते. या विमानात इंधनाचा नमुना काढायची तेरा ठिकाणे आहेत, प्रत्येक पंखाखाली पाच आणि नाकाखाली तीन. पारदर्शक नळकांडे खालून टेकवून दाबले की त्यात थोडे इंधन उतरते. ते फिकट निळे असते, आणि त्यात पाणी शिरले असेल तर ते जड असल्यामुळे तळाशी वेगळे दिसते. पहिली दोन मी केली, बाकीची त्याने केली. प्रत्येक वेळी नळकांडे आकाशाकडे धरून, एक डोळा मिटून तो ते निरखत होता, आणि तेरावे झाल्यावर त्याने विचारले की रोज कोण हे सगळे तेराच्या तेरा करते. मी म्हटले, जो उडवतो तो. त्याने बोटांना लागलेले इंधन हुंगून पाहिले आणि रुमालाला पुसले.

मागे बसू का, असे त्याने एकदा विचारून पाहिले. पण मागे झोके जास्त जाणवतात आणि क्षितिज दिसत नाही; कानाला जे जाणवते आणि डोळ्यांना जे दिसते त्यांचा मेळ तुटला की मळमळ सुरू होते. म्हणून तो माझ्या उजवीकडे बसला. पाय पेडलांवर ठेवायचे नाहीत, समोरचे चाक धरायचे नाही, पट्टा असा सुटतो, दार असे उघडते, आणि हवेत दार चुकून किलकिले झालेच तर विमान उडत राहते, तेव्हा ते लावायची धडपड करायची नाही. मी हात वर केला की बोलायचे नाही. तेव्हा मी टॉवरशी बोलत असेन. आवाज कधी कधी बदलतील तेही सांगितले. धावपट्टीआधी इंजिन मिनिटाला 1800 फेऱ्यांवर नेऊन मी दोन मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रे, एकेक करून बंद करीन, तेव्हा इंजिन किंचित मंदावेल, कारण प्रत्येक सिलिंडरला दोन ठिणग्या असतात आणि एक बंद पडली तरी दुसरीवर चालते हेच मला पाहायचे असते. उतरताना अगदी शेवटी पंखाजवळून एक केविलवाणा सूर निघेल. ती स्टॉलची, म्हणजे वेग कमी होऊन पंखांची उचल सुटत आल्याची सूचना, आतमध्ये पिपाणीसारखीच पत्ती असते, आणि चाके टेकताना ती वाजली तर ते चांगल्या उतरण्याचे लक्षण आहे.

इंजिन बंद पडले तर काय, हे प्रवाशाला ऐकवावे की नाही यावर मतभेद आहेत. मी पट्टीवर जाण्याआधी नेहमी मोठ्याने म्हणते, तसेच त्या दिवशीही म्हटले: पट्टीवर असताना बिघडले तर ब्रेक, कमी उंचीवर बिघडले तर समोरच, मागे वळायचे नाही, वर गेल्यावर बिघडले तर दर 1,000 फुटांमागे पावणेतीन किलोमीटर तरंगत जाता येते, तेवढ्यात जागा शोधायची. त्याच्या खांद्यांचा ताण मला दिसत होता. पण हे संपल्यावर तो हेडसेटमधून म्हणाला, "हे दर वेळी म्हणतेस?" मी हो म्हटले, आणि त्याने मान हलवली.

ताशी सुमारे 100 किलोमीटरला चाके जमीन सोडतात. हायवेवर तो स्वतः याहून जोरात गाडी हाकतो. वर गेल्यावर उजवीकडे खाडी आणि तिच्या काठची मिठागरे दिसू लागली, गुलाबी, गंजलेली, हिरवट, कारण खारटपणा वाढतो तसे त्यात वाढणारे शेवाळ आणि जिवाणू बदलतात. तो त्याकडे पाहत नव्हता. त्याची नजर समोरच्या तबकड्यांवर होती आणि उजवा हात सीटच्या कडेला घट्ट धरलेला होता. मी डावीकडे हळूच वळले. डाव्या वळणात उजवीकडे बसलेल्याला खिडकीतून आकाश दिसते, जमीन दिसत नाही, म्हणून पहिले वळण तसेच असावे असा माझा बेत होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मागे प्रयोगांसाठी अणूंतले कण प्रचंड वेगाने सोडायची ती 3 किलोमीटर लांबीची सरळ इमारत खालून गेली. डोंगररांगेजवळ पश्चिमेचा वारा कड्यावरून खाली सांडतो, तिथे दोन-तीन धक्के बसले. मी वेग कमी केला. इंजिनचा आवाज उतरला, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले नाही, फेऱ्यांच्या काट्याकडे पाहिले, आणि काटा स्थिर आहे हे पाहून श्वास सोडला. तो श्वास मला मायक्रोफोनमधून ऐकू आला.

मग उजवीकडे लांब, सरळ, चिंचोळी तळी दिसली. सॅन अँड्रियासची भूकंपरेषा त्या खोऱ्यातूनच जाते आणि तळी तिच्यावर आहेत. "ते क्रिस्टल स्प्रिंग्जचे धरण," तो म्हणाला. 1880 च्या दशकात बांधलेले ते काँक्रीटचे धरण 1906 च्या भूकंपात रेषेच्या अगदी शेजारी असून टिकले, हे त्याने कॉलेजात असल्यापासून वाचलेले होते. सीटवरचा हात सुटला आणि काचेकडे गेला. जरा जवळून नेता येईल का, असे त्याने विचारले. मला न्यायला फार आवडले असते. पण उत्तरेला सरकले की सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या विमानतळाची हवाई हद्द लागते, आणि ते मी आखलेल्या मार्गात नव्हते. पुढच्या वेळी आधी आखून जाऊ, असे मी सांगितले. त्याने नुसते "बरं" म्हटले, पण पोह्यांच्या सकाळी ज्या आवाजात बोलला होता तोच तो आवाज होता.

हाफ मून बेला टॉवर नाही. येणारे-जाणारे एकाच फ्रिक्वेन्सीवर आपापली जागा सांगत राहतात. दुसरी विमाने शोधायचे काम मी त्याला दिले होते, आणि एक माझ्याआधी त्यालाच दिसले. खाली भोपळ्यांची शेते केशरी ठिपक्यांनी भरलेली होती. ऑक्टोबरमध्ये तो गाव भोपळ्यांसाठीच ओळखला जातो. पिपाणी वाजली, चाके टेकली, विमान किंचित उचलले गेले आणि पुन्हा टेकले. "चल रे भोपळ्या," तो हेडसेटमधून म्हणाला, "टुणूक टुणूक." मला हसू आवरेना, आणि पट्टीवर विमान सरळ ठेवताना हसणे बरे नव्हे.

बंदरापर्यंत चालत जाऊन आम्ही मासे खाल्ले. आवडले का, हे मी विचारले नाही. त्याने आपणहून सांगितले की भीती वाटली, अजूनही वाटते आहे, आणि परतीच्या वेळीही वाटेल. पण ती कशाची आहे हे आता त्याला नीट माहीत आहे. परत येताना त्याने मिठागरे पाहिली.

तो आता अधूनमधून येतो. फक्त सकाळी, आणि कधीच नुसते गंमत म्हणून नाही. कुठेतरी जायचे असले तरच. वैमानिकाला काही झाले तर शेजारच्या माणसाने काय करावे यासाठी इथल्या वैमानिक संघटनेचा 'पिंच हिटर' नावाचा अभ्यासक्रम फार वर्षांपासून आहे, तो त्याने केला. विमान उतरवता येईल का, असे विचारले तर स्वच्छ नाही म्हणतो, पण पंख सपाट कसे ठेवायचे आणि मदत कशी मागायची ते त्याला येते. हाफ मून बेच्या हवामान केंद्राचा फोन नंबर त्याने स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे, आणि अलीकडे एकदा मी उठण्याआधीच त्याने बेत रद्द करून टाकला होता.

मुलगी मात्र आता मागे लागली आहे. तिला कधी न्यायचे, आणि कोणी कोणी जायचे, यावर आमचे एकमत झालेले नाही. मी तिला एकटीला न्यावे, तो खाली थांबेल, असे त्याचे पहिले म्हणणे होते. मग ते त्यालाच सोसवेना. तिघेही वर असलो तर खाली कोणी मागे उरत नाही, म्हणजे त्याची जुनी हरकत आपोआप निकालात निघते, असे तो एकदा भांडी लावताना म्हणाला, आणि लगेच वळून म्हणाला, "हे आईला सांगू नकोस."